फुलपात्राचा तळ

रविवारची सकाळ, साडेनऊची वेळ. पुण्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या आहेत. वीसेक मुलं मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन गोलाकार बसली आहेत आणि मधोमध प्लॅस्टिकच्या स्टुलावर स्टीलचं एक फुलपात्र ठेवलं आहे. घरोघरी पाणी प्यायला असतं तेच, काठाशी किंचित पसरलेलं. सर म्हणाले, "काढा." वीस मिनिटं नुसता पेन्सिलींचा आवाज. मग सरांनी सगळे बोर्ड भिंतीशी ओळीनं लावले. मी भाचीला सोडायला आले होते, ती दाराशीच रेंगाळले आणि एकेक चित्र पाहत गेले. फुलपात्राचा वरचा काठ जवळजवळ सगळ्यांनी लंबगोल काढला होता. तळ मात्र तिघाचौघांचा अपवाद सोडला तर सगळ्यांचा सरळ होता, पट्टीनं आखावा तसा.

"तळ सरळ का रे काढलास?" सरांनी एका मुलाला विचारलं.

"स्टुलावर टेकलाय ना सर. गोल काढला तर फुलपात्र डुलेल."

सरांनी स्टुलावर कागद ठेवला, त्यावर फुलपात्र ठेवून तळाभोवती पेन्सिल फिरवली आणि फुलपात्र उचललं. कागदावर वर्तुळ उमटलं होतं. "आता हे तुझ्या जागेवरून कसं दिसतंय?" मुलगा म्हणाला, "चपटं. लंबगोल." सरांनी फुलपात्र पुन्हा त्या वर्तुळावर ठेवलं. "मग आता ते सरळ झालं का?" मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि त्यानं खोडरबर मागितला. सरांनी तो दिला नाही. त्याच कागदावर, शेजारी, दुसरं फुलपात्र काढायला सांगितलं.

त्या मुलाचं उत्तर मला अजून आठवतं, कारण त्यात चूक अशी काहीच नव्हती. तळ सपाट असतो. स्टुलावर टेकतो. हे त्याला ठाऊक होतं आणि ठाऊक असलेलं आधी हाताशी पोचलं, डोळ्यानं पाहिलेलं मागे पडलं. रेषा, लंबगोल, यथार्थदर्शन या चित्रकलेच्या पहिल्या पायऱ्यांकडे आपण हाताचा व्यायाम म्हणून पाहतो. गेलं वर्षभर मी रोज सकाळी वीस मिनिटं हा सराव करते आहे, आणि मला वाटतं, हात त्यात निम्मासुद्धा नाही. आपल्या डोळ्यापुढे आपलीच माहिती उभी असते. तिला बाजूला करायची ती मेहनत असते.

मीही शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली होती. महाराष्ट्रात शिकलेल्या अनेकांच्या घरात त्या प्रमाणपत्रांची गुंडाळी कुठेतरी असते. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षांना आजही दरवर्षी लाखो मुलं बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला त्यात घनभूमिती येते, वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत दुसऱ्या सत्रात चित्रकलेचा तास गणिताला दिला जायचा. परीक्षेच्या आधी महिनाभर मात्र शनिवारी दुपारी जादा वर्ग असे. तिथे आम्हाला तांब्या, वांगं आणि मागे सोडलेला पडदा, त्याच्या ठरावीक चुण्यांसह, पाठ करून घेतला गेला. तांब्या पाठ करता येतो, हे मी तेव्हा शिकले. पुढे कितीतरी वर्षं एखादं भांडं समोर ठेवून काढायची वेळ आली की हात तोच पाठ केलेला तांब्या काढायचा.

या अभ्यासक्रमाची मुळं जिथे आहेत तिथवर जायला हवं. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले ते १८५३ मध्ये, आणि १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या खोल्यांत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. हीच ती जे.जे. लंडनमध्ये तेव्हा साउथ केन्सिंग्टनची पद्धत घडत होती. हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी चित्रकलेच्या शिक्षणाचे २३ टप्पे पाडले होते. सुरुवात साधनांनी काढायच्या रेषा, भूमिती आणि यथार्थदर्शनापासून, मग छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा, मग प्रत्यक्ष घनाकृती, आणि कितीतरी पुढे गेल्यावर माणसाचं शरीर. इंग्लंडच्या कारखान्यांना चांगले नक्षीकार हवे होते, त्यांच्यासाठी ही शिडी बांधलेली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स जे.जे.त शिकवायला मुंबईला आले ते हीच शिस्त घेऊन. क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पं किपलिंगची आहेत. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी पानाफुलांत आणि प्राण्यांत जे.जे.च्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. आज लोकल पकडताना मान वर करून पाहिलं तर त्या सरावाचं फळ दिसतं.

त्या शिडीबद्दल माझं मन दुहेरी आहे. एका बाजूला, नमुन्यावरून नमुना उतरवण्यात वर्षं घालवायला लावणारी ती पद्धत होती, आणि आमचा पाठ केलेला तांब्या तिचाच दूरचा वारस आहे. दुसऱ्या बाजूला त्याच ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत जे.जे.च्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेलं आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा पुढे आगीत जळाल्या. पण अंधारात दिवे लावून पद्मपाणीच्या भुवईची रेषा उतरवताना त्या तरुणांना काय कळलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. साउथ केन्सिंग्टनच्या रेषेनं तयार झालेला हात, आणि समोर एक अशी रेषा जिच्यापुढे तो हात पुन्हा नवशिका व्हावा. १८९० मध्ये जे.जे.त दाखल झालेले आणि १९३१ पर्यंत तिथेच राहिलेले चित्रकार रावबहादूर धुरंधर यांनी 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' या आठवणींच्या पुस्तकात त्या संस्थेचं जग नोंदवून ठेवलं आहे. हजारो चित्रं काढणारा तो हात याच प्राथमिक सरावातून निघाला, हे विसरायला नको.

आता रेषेकडे येते.

सरांच्या वर्गात पहिली दहा मिनिटं रेषेची असतात. कागदावर दोन ठिपके द्यायचे आणि ते सरळ रेषेनं जोडायचे. पट्टी नाही, खोडरबर नाही, आणि पेन्सिलसुद्धा नाही; साधा काळा पेन. "हवेत दोनदा, कागदावर एकदा," असं ते म्हणतात. म्हणजे पेन कागदाला न टेकवता हात त्या वाटेनं दोनदा फिरवायचा आणि मग थांबा न घेता रेषा ओढायची. चुकली तर चुकली. तिच्यावरून दुसरी रेषा ओढायची नाही, कारण एका चुकलेल्या रेषेवर चार रेषा गिरवल्या की दिसतो तो केसाळ दोरखंड. मी पहिल्या दिवशी साठ रेषा काढल्या. त्यांतल्या बहुतेक धनुष्यासारख्या वाकल्या होत्या, आणि सगळ्या एकाच बाजूला.

त्या एकाच बाजूला का वाकतात, हे कळल्यावर मला हाताबद्दल नवाच आदर वाटू लागला. आपल्या हातात सरळ जाणारा सांधा एकही नाही. मनगट, कोपर, खांदा, सगळे कशाभोवती तरी फिरतात, आणि फिरणाऱ्या गोष्टीचं टोक कमान काढतं. मनगटावर रेषा ओढली तर त्रिज्या वीतभराची, म्हणून कमान उघड दिसते. खांद्यावरून ओढली तर त्रिज्या अख्ख्या हाताची, म्हणून तेवढ्याच लांबीत वाक जेमतेम जाणवतो. उरलेला वाक कोपर आणि खांदा एकमेकांना सांभाळून घेत काढून टाकतात. तान्हं मूल खुळखुळ्याकडे हात नेताना जे शिकतं, तेच आपण कागदावर दुसऱ्यांदा शिकतो. वेगाचंही तसंच. हळू ओढलेली रेषा नेमकी पोचते पण थरथरते, कारण वाटेत डोळा सतत दुरुस्त्या सुचवतो. झटक्यात ओढलेली रेषा स्वच्छ असते पण ठिपका चुकवते. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये हाताचा वेग आणि नेमकेपणा यांच्यातली ही देवघेव सूत्रात मांडली. रांगोळी काढणारी बाई ते सूत्र न वाचता रोज सकाळी पाळते. चिमटीतून रांगोळी सोडताना तिचा हात थबकला की तिथे ढीग पडतो आणि घाई केली की रेघ विरळ होते. माझी आई अंगणात ठिपक्यांच्या ओळी टाकून रेघा जोडायची तेव्हा तिचं मनगट हलत नसे, खांदा हलायचा. ते मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलं आणि पन्नाशीत समजून घेतलं.

रेषेचं शेवटचं टोक पाहायला मी पावसाळ्यात पेणजवळच्या एका गावी, गणपतीच्या कारखान्यात गेले. हमरापूर, जोहे या परिसरात वर्षभर मूर्ती घडतात. रंगकाम झालेल्या शेकडो मूर्ती पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर ओळीनं बसलेल्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे कोरे. डोळ्यांची आखणी करणारे गृहस्थ स्टुलावर बसले होते. डाव्या हाताची मूठ मूर्तीच्या छातीशी हलकेच टेकवलेली, तिच्यावर उजवा हात, ब्रशाला मोजके केस. वरच्या पापणीची रेषा नाकाकडून सुरू होऊन बाहेर जाताना जाड होत गेली आणि टोकाला परत बारीक होऊन संपली. श्वास सोडताना ती एका दमात आली. मग त्यांनी दुसरा डोळा काढला. तो पहिल्याचं प्रतिबिंब असावा लागतो, आणि हात मात्र तोच उजवा, म्हणजे त्याला आता उलट्या वाटेनं जायचं असतं. मी विचारलं, "काका, चुकलं तर?" ते म्हणाले, "पुसून पुन्हा काढता येतं, ताई. पण पुसलेली जागा मला दिसत राहते." किती वर्षं हे करता, असं विचारल्यावर त्यांनी वर्षं सांगितली नाहीत. लहानपणी शेडमागच्या फुटक्या मूर्तींवर वडील डोळे काढायला लावायचे, एवढंच सांगितलं.

लंबगोलाजवळ मात्र जास्त थांबायला हवं, कारण मला स्वतःला खरा आनंद तिथे मिळाला.

लंबगोल दोन प्रकारे बिघडतो. एक, त्याची दोन्ही टोकं अणकुचीदार होतात, बदामाच्या पानासारखी. दोन, टोकं गोल करण्याच्या नादात मधला भाग सपाट होतो आणि आकार धावपट्टीसारखा दिसू लागतो. खऱ्या लंबगोलात कोपरा कुठेच नसतो आणि सरळ भागही कुठेच नसतो. तो सतत वळत राहतो, फक्त वळण्याचा जोर बदलतो. माझा भाऊ अभियंता आहे. पहिल्या वर्षाला ड्राफ्टर लावून, दोन समकेंद्री वर्तुळं काढून, बारा भाग पाडून, बिंदू जोडून त्यानं किती लंबवर्तुळं काढली असतील. सुतार दोन खिळे ठोकून त्यांना सुतळीचं सैल वेटोळं अडकवतो आणि पेन्सिलीनं ती ताणून धरत फिरवतो, तीही अचूकच पद्धत. भावाला मी साध्या हातानं वाटी काढायला सांगितली, तर टोकं पानासारखी आली. त्यानं स्वतःच कागद जवळ ओढून घेतला आणि जेवणाआधी तीस वाट्या काढल्या. साधनानं जमणारं हाताला आपोआप येत नाही, दोन्ही वेगळं शिकावं लागतं.

दुसरी गंमत स्वयंपाकघरातली. आपल्याकडच्या भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीसारखा यथार्थदर्शनाचा तक्ता कोणत्याही कलाशाळेत नसेल. तिच्यासमोर उभं राहून डब्यांच्या काठांकडे पाहा. डोळ्याच्या बरोबर पातळीवरच्या फळीवरचा डबा असेल तर त्याचा काठ नुसती आडवी रेघ दिसते. त्याच्या खालच्या फळीवर काठ किंचित उघडतो, त्याखाली अजून, आणि जमिनीलगतच्या पिंपाचं तोंड जवळजवळ पुरं गोल दिसतं. डोळ्यावरच्या फळीवर उलटा प्रकार. तिथे डब्यांचे काठ भुवईसारखे वर कमानदार होतात, आणि आतलं काहीच दिसत नाही. फुलपात्राच्या तळाचं उत्तर इथेच आहे. तळ काठापेक्षा खाली असतो, म्हणजे डोळ्यापासून जास्त खाली. म्हणून तळाचा लंबगोल काठापेक्षा जास्त फुगीर असतो. त्या मुलानं सरळ काढलेली रेषा ही खरं म्हणजे फुलपात्रातली सगळ्यात जास्त वळलेली रेषा होती. हे पहिल्यांदा नीट दिसलं त्या दिवशी मी चहा उकळून जाऊ दिला.

मग एक शंका आली आणि तिनं मला पंधरा दिवस छळलं. फुलपात्राच्या तोंडाचा माझ्याकडचा अर्धा भाग जवळ आहे, पलीकडचा लांब. जवळचं मोठं दिसतं. तर मग माझ्याकडचा अर्धा भाग फुगीर आणि पलीकडचा चपटा, असा अंड्यासारखा आकार दिसायला नको का? सराव करणारी बरीच मुलं तसं काढतात. आणि ही शंका थोर माणसालाही आली होती. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानं १५२५ मध्ये मापनावर पुस्तक लिहिलं. त्यात शंकूला तिरका छेद दिला की कोणता आकार मिळतो, हे दाखवताना त्यानं अंड्याचा आकार काढला. शंकू खाली रुंद होत जातो, तर छेदही खाली रुंद असणार, असा त्याचा हिशेब. त्याच्याइतकं नेमकं पाहणारा डोळा त्या काळात क्वचितच असेल, आणि तरी त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीनं त्याच्या हाताला चुकवलं. प्राचीन ग्रीक गणिती अपोलोनियस यानं हा छेद दोन्ही टोकांना सारखाच असतो हे कितीतरी आधी सिद्ध केलं होतं. पुढे खगोलशास्त्रज्ञ केप्लर मंगळाची कक्षा शोधताना आधी अंडाकृतीपाशीच अडखळला आणि खूप आकडेमोड करून १६०९ मध्ये लंबवर्तुळाशी पोचला.

उत्तर असं आहे. वर्तुळाच्या काठावरच्या प्रत्येक बिंदूपासून डोळ्यापर्यंत एकेक दोरी ताणली तर दोऱ्यांचा शंकू होतो, आणि कागद म्हणजे त्या शंकूला दिलेला छेद. तो छेद नेमका लंबवर्तुळच असतो, दोन्ही बाजूंनी सारखा. मग जवळचं मोठं दिसण्याचं काय झालं? तेही खरंच राहतं. फुलपात्राच्या तोंडाचा खरा मध्य हा चित्रातल्या लंबगोलाच्या मध्यावर पडत नाही, किंचित पलीकडे सरकतो. म्हणजे खऱ्या वर्तुळाचा जवळचा अर्धा भाग चित्रात जास्त जागा खातो, आणि तरी बाह्यरेषा निर्दोष लंबगोल राहते. तपासायला एक चौरस यथार्थदर्शनात काढा, त्याचे कर्ण जोडा, चारी बाजूंना टेकणारा लंबगोल बसवा. कर्ण जिथे छेदतात ती जागा लंबगोलाच्या पोटाच्या थोडी वर दिसेल. मला ते कागदावर दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि घरात सांगायला कुणी जागं नव्हतं.

चाकाचं सूत्रही इथेच सांगून टाकते, कारण ते एकदा हाती आलं की बैलगाडी, सायकल, ढोलकी, आडवा पडलेला पिंप, सगळं सोपं होतं. लंबगोलाची आखूड मध्यरेषा चाकाच्या आसाच्या दिशेनं जाते. आस कुठे चालला आहे ते आधी ठरवायचं, मग त्याला काटकोनात लांब मध्यरेषा, मग चाक. मुलं उलट करतात, आधी चाक काढतात आणि मग आस खुपसतात, म्हणून गाडी कलंडल्यासारखी दिसते.

यथार्थदर्शनावर पुस्तकांत इतकं लिहिलेलं आहे की मी दोनच जागा सांगते. पहिली गिरगावातल्या चाळीची गॅलरी. मावशीच्या घराबाहेर उभं राहिलं की लाकडी कठडा, वरची तुळई, जमिनीच्या फरश्या आणि खोल्यांचे उंबरठे असं सगळं गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला एका बिंदूकडे धावतं. खांब एकमेकांपासून सारख्या अंतरावर आहेत, पण चित्रात ती अंतरं घटत जातात. किती घटतात? मी वर्षानुवर्षं अंदाजानं काढायचे आणि शेवटचे खांब एकमेकांवर चढायचे. युक्ती साधी आहे. पहिल्या खांबाच्या माथ्यावरून एक तिरकी रेषा दुसऱ्या खांबाच्या बरोबर मध्यातून जमिनीच्या रेषेपर्यंत न्यायची. ती जिथे टेकते तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या माथ्यावरून तिसऱ्याच्या मध्यातून चौथा. गॅलरीत बसून मी अकरा खांब असे बसवले आणि मान वर करून पाहिलं, तर शेवटचा खांब चित्रात जिथे पडला होता तिथेच समोर उभा होता. शेजारच्या खोलीतले आजोबा म्हणाले, "पट्टी न लावता?" मी त्यांना रेषा दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती पुन्हा एकदा बोटानं गिरवली.

दुसरी जागा जुहूचा किनारा, ओहोटीच्या वेळी, वाळू सपाट असताना. उभं राहून समुद्राच्या क्षितिजाकडे पाहावं. आपल्या उंचीची माणसं दहा पावलांवर असोत की दोनशे पावलांवर, त्या सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवरच असतात. पाय मात्र कुणाचे खाली, कुणाचे वर. मग वाळूत बसावं. क्षितिज आपल्याबरोबर खाली येतं आणि उभ्या माणसांच्या कमरेशी पोचतं. डोळा दीड मीटर उंचीवर असेल तर ती पाण्याची कड साधारण साडेचार किलोमीटरवर असते. इतक्या दूरची ती रेषा आपण बसलो की बसते. क्षितिज ही पाहणाऱ्याची उंची आहे, हे वाक्य मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते.

फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुकार ब्रुनेलेस्कीनं हे सगळं एका लहानशा फळीवर सिद्ध केलं. कथीड्रलच्या दारातून समोरची बाप्तिस्मागृहाची इमारत जशी दिसते तशी रंगवली, फळीला छिद्र पाडलं, मागून छिद्रातून आरशात चित्र पाहायला लावलं. आरसा बाजूला केला की खरी इमारत, धरला की चित्र. १४३५ मध्ये आल्बेर्तीनं त्याचे नियम लिहिले. चित्रकार उच्चेल्लोच्या नावे फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात एका चषकाचं रेखाचित्र आहे, सगळं कड्यांचं आणि पैलूंचं. आमच्या फुलपात्राचा तो राजघराण्यातला भाऊ म्हणावा.

पण एक गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे, आणि ती सांगितली जात नाही. हे नियम एका जागी उभ्या असलेल्या एका डोळ्याचे आहेत. अजिंठ्याचा चित्रकार एकाच भिंतीवर महालाचं छत एका जागेवरून पाहतो, माणसं दुसऱ्या, आणि पेटीसारखे रचलेले खडक तिसऱ्या, आणि आपली नजर त्या चित्रातून चालत जाते. डहाणू परिसरातला वारली चित्रकार तारपा नाचाचं वेटोळं रंगवतो ते गोलच ठेवतो, तिरपं करत नाही. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेली माणसं. जमिनीवर उभ्या माणसाला ते वेटोळं चपटं दिसेल, पण नाचणाऱ्याला नाच गोल असतो. २०११ मध्ये पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे तांदळाच्या पिठाच्या रंगानं हजारो माणसं दोन त्रिकोणांत उभी करायचे. त्यांच्या रेषेला क्षितिजाची गरज पडली नाही. रेषेचा सराव तिथेही आहे, आणि तो आमच्या साठ रेषांपेक्षा कितीतरी कडक आहे. लंबगोल न काढणं हाही पाहण्याचा एक निर्णय असू शकतो. आमच्या वर्गातल्या मुलानं तळ सरळ काढला तो मात्र निर्णय नव्हता.

म्हणून स्मरणचित्राच्या पेपराबद्दल मला तळमळीनं बोलावंसं वाटतं. भाजी मंडई, रेल्वे स्थानक, पावसातली शाळा, असे विषय येतात. स्मरणचित्र म्हणजे जे पाहिलं ते आठवून काढणं. किती सुंदर पेपर आहे तो! त्यासाठी मुलांनी मंडईत जाऊन टोपल्यांची तोंडं किती उघडी दिसतात ते पाहायला हवं. प्रत्यक्षात बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांतली तयार मंडई पाठ होते. एकच छत्री, एकच पाठमोरी बाई, एकच कुत्रं, जिल्ह्याजिल्ह्यातून. परीक्षेनं ही सवय मोडावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती मोडणं शिक्षकांच्या हातात आहे. जादा वर्गाचा एक शनिवार मुलांना खरंच मंडईत घेऊन गेलं तरी पुष्कळ होईल.

माझी भाची सप्टेंबरात एलिमेंटरीला बसली. आमचा सराव मात्र थांबलेला नाही. सकाळी वीस मिनिटं, दोघींचे कागद वेगळे, पेन एकाच डब्यातले. पाच मिनिटं रेषा, पाच लंबगोल, आणि उरलेला वेळ घरातली एखादी वस्तू. महिन्यातून एकदा आम्ही पहिला कागद काढून आजच्याशेजारी ठेवतो. माझ्या रेषा अजूनही डावीकडे किंचित झुकतात. भाचीच्या लंबगोलांची टोकं आता गोल आहेत, पण आडवा पिंप काढताना ती अजून आस विसरते.

धनत्रयोदशीला आम्ही गॅलरीच्या कठड्यावर पणत्या लावल्या, अकरा. भाची कागद घेऊन जमिनीवर बसली. तिथून सगळ्या पणत्या तिच्या डोळ्याच्या वर होत्या, म्हणून एकाही पणतीतलं तेल तिला दिसत नव्हतं, फक्त भुवईसारखे काठ आणि वर ज्योती. मी उभी होते. मला अकराही पणत्यांचं तेल दिसत होतं, जवळच्यांचं जास्त, लांबच्यांचं एक चमकती रेघ. "मावशी, तू काढतेस ते मला दिसतच नाहीये," ती म्हणाली. मी तिला उठून माझ्या जागी यायला सांगितलं, आणि मी खाली बसले.